जेवणाचे बोलावणे

ह्वे, मध्य व्हिएतनाम
रविवार, ३ मार्च २०२४

प्रिय थोआ,

सप्रेम नमस्कार. तू, तुझे यजमान आणि मुले खुशाल असाल अशी अपेक्षा करते. तुझ्या आईचे गुडघे अजून कुरकुरत असतील तर तिला खाडीच्या गार पाण्यात उतरू देऊ नकोस. हे मी २००८ सालीही सांगितले होते आणि तिने ऐकले नव्हते. माझी प्रकृती आता उत्तम आहे. भाताची वाटी पूर्ण संपते. जिना एका दमात चढते. वर पोहोचल्यावर दम खाते, पण ते कोणाला दिसू देत नाही.

चौदा वर्षांनी माझे पत्र आले म्हणून दचकू नकोस. कोणी मेलेले नाही. तेतचा, नववर्षाचा सण झाल्यापासून मी हे पत्र चार वेळा लिहिले आणि चार वेळा फाडले, कारण प्रत्येक वेळी सुरुवात मला सोयीची जाईल अशा जागी होत होती. पत्राचे कारण आधीच सांगते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना नळीतून लवकर अन्न कसे द्यावे, याची आपल्या रुग्णालयाची पुस्तिका २५ मार्चला छापायला जाते आहे. प्रांतातल्या प्रत्येक तालुका रुग्णालयात ती जाईल. मुखपृष्ठावर एकच नाव आहे: डॉ. तोन नू बिख हा. आणि तुझ्या सेवापुस्तकात अजूनही मी लिहिलेला प्रतिकूल शेरा आहे. या दोन्ही गोष्टी बदलायला मला तुझी लेखी संमती हवी.

आता वस्तुस्थिती, घडली त्याच क्रमाने. कुठे चूक आढळली तर समासात दुरुस्त कर. तुझे अक्षर सुधारले असेल अशी आशा आहे.

सोमवार, ८ मार्च २०१०. महिला दिन असल्यामुळे कोणीतरी प्रत्येक टेबलावर गुलाब ठेवले होते आणि मी ते उचलायला लावले, कारण अतिदक्षता विभागात फुले ठेवत नाहीत. साडेअकराला लुअमकाकांना आणले. वय अठ्ठावन्न, खाडीच्या दक्षिण टोकाचे मच्छीमार. शिंपल्याने पाय कापला, त्यावर त्यांनी तंबाखू बांधली आणि दहा दिवसांनी धनुर्वात झाला. जबडा मिटलेला, पाठ कमानीसारखी वर. दुपारी दोन वाजता त्यांना व्हेंटिलेटरवर घेतले. झटके थांबावेत म्हणून गाढ झोपेची आणि स्नायू सैल करणारी औषधे सुरू केली. नाकातून पोटात एक नळी घातली, ती फक्त औषधांसाठी. रक्तदाब स्थिर होता. माझा लेखी आदेश असा होता: पोटाचा आवाज ऐकू येईपर्यंत अन्न नाही.

तो आदेश माझा लाडका होता, हे तुला माहीत आहे. फ्रान्समध्ये, ल्योंच्या माझ्या प्राध्यापकांकडून तो मी घेतला होता आणि त्यांच्यापेक्षाही कडक पाळत होते. पोटाच्या चार बाजूंना स्टेथोस्कोप, प्रत्येक बाजूला पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. त्या विभागात माझ्याइतका तयार कान कोणाचा नव्हता, आणि मला तसे वाटत असे हेही सगळ्यांना ठाऊक होते. ज्या आतड्याला आपणच औषध देऊन निजवले, ते बोलेल म्हणून मी दिवसेंदिवस कान लावून उभी राहत असे. माणसे तोवर साखरेच्या पाण्यावर. पाच दिवस, सहा दिवस, एकदा तर नऊ. त्यांच्या गालांची हाडे वर आली की मी त्याला आजाराचे लक्षण म्हणत असे.

मंगळवार, ९ मार्च, सकाळचा राउंड. लुअमकाकांच्या खाटेपाशी, परिचारिकांच्या रांगेतून, तू पहिल्यांदा तोंड उघडलेस.

“ताई, आज थोडी पेज सोडू या का नळीतून? तासाला वीस मिलिलिटर. जास्त नाही.”

“पोट बोललं का?”

“कसं बोलेल? त्यालाही आपण झोपवलंय. ताई, आमच्याकडे चूल पूर्ण विझू देत नाहीत. राखेखाली निखारा ठेवतात. एकदा गार पडली की मग फुंकून फुंकून जीव जातो.”

“हा अतिदक्षता विभाग आहे, थोआ. तुझ्या आईची चूल नाही.”

सगळे हसले. मी हसवण्यासाठीच म्हटले होते. तू हसली नाहीस. काकांची उशी तीन बोटे वर सरकवलीस आणि पुढच्या खाटेकडे गेलीस.

बुधवारविषयी मला प्रत्यक्ष काही माहीत नव्हते. गुरुवारी, ११ मार्चला, दहा वाजता मी स्वतः नळीला सिरिंज लावून पोटातले ओढून पाहिले. जे आले ते नारिंगी होते.

“हे काय?”

“पाणी. नळी धुतलेलं.”

“पाण्याला गाजराचा रंग कधीपासून येतो?”

दोन शिकाऊ डॉक्टर जमिनीकडे पाहू लागले. तू मात्र सरळ माझ्याकडे पाहिलेस.

“ताई, तुम्ही रंग बघताय. किती आलंय ते बघा ना! चार चमचे. मंगळवार दुपारपासून दिलंय मी. बाकीचं सगळं पुढे गेलं. पोट काम करतंय त्यांचं, नुसतं बोलत नाहीये.”

हे वाक्य मी आज अक्षरशः लिहू शकते, याची नोंद घे.

केसपेपरवर तू तीन दिवस “पाणी, २० मि.लि.” असे लिहीत होतीस. प्रत्यक्षात तांदूळ, डुकराचे पातळ मांस आणि गाजर शिजवून, वाटून, दोनदा फडक्यातून गाळलेली पेज तू स्वयंपाकघरातून आणत होतीस. केसपेपरवर खोटे लिहिणे हा अपराध होता. मी आजही त्याला अपराधच म्हणेन, आणि तू शिकवतेस त्या मुलींपैकी कोणी तसे केले तर तूही म्हणशील. पण माझ्या अहवालात दुसरे वाक्यही होते: “रुग्णाच्या जिवाला धोका निर्माण केला.” पहिले वाक्य खरे होते. दुसरे खोटे आहे, हे ते लिहिताना मला ठाऊक होते.

ते कसे ठाऊक होते, त्याकडे मी येते आहे. क्रम मोडायचा नाही.

शुक्रवारी, १२ मार्चला, तुझ्या बदलीचा आदेश निघाला. खाडीकाठचे आरोग्य केंद्र, सोमवारपासून रुजू. दुपारी मी कँटीनमध्ये आपल्या नेहमीच्या टेबलावर बसले होते. सहा वर्षे आपण तिथे जेवलो. तू ताट घेऊन आलीस, समोर बसलीस, रोजच्यासारखे दोन्ही हातांनी जेवणाच्या काड्या पुढे केल्यास आणि म्हणालीस, “ताई, जेवायला घ्या.”

धाकट्याने मोठ्याला बोलवायचे, मोठ्याने “घे, तूही घे” म्हणायचे, मग पहिला घास. लहान मुलालाही हे शिकवावे लागत नाही. माझ्या घरी तर आजीच्या शिस्तीत अकरा माणसांना वयाच्या क्रमाने बोलावल्याशिवाय वाटीला हात लागत नसे.

मी ताट उचलले आणि खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसले.

तू जेवली नाहीस. मोठ्या माणसाचा शब्द आला नाही, मग कशी जेवशील? तू भाताच्या वाटीवर झाकण ठेवलेस. ती पालथी बशी होती, निळ्या काठाची. आणि तू गेलीस. मी त्या दिवशी शिंपल्यांचा भात पूर्ण संपवला. तो खारट होता.

इथे थांबते. बसून लिहिण्याची दोन तासांची मर्यादा मला डॉक्टरांनी घातली आहे. ते माझेच विद्यार्थी असल्यामुळे मर्यादा मोडली तर त्यांना बोलायचा धीर होत नाही, म्हणून मीच पाळते.

सोमवार, ४ मार्च

कालचे वाचले. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. मजकुरात काही बदलण्यासारखे नाही, हे पाहून वाईट वाटले.

पुढचा भाग माझ्या आजारपणाचा. त्याची बातमी तुझ्यापर्यंत पोहोचली असेलच. खाडीवरून बातमी होडीपेक्षा लवकर येते. नोव्हेंबरच्या पुरात गल्लीत छातीपर्यंत पाणी आले. मी माळ्यावर थांबायला हवे होते. पण खालच्या खोलीत पुस्तके होती, आणि ती दुसऱ्या कोणी उचलली असती तर चुकीच्या क्रमाने लावली असती. दीड तास मी त्या पाण्यात होते. चार दिवसांनी न्यूमोनिया झाला आणि मला माझ्याच विभागात, खिडकीकडून तिसऱ्या खाटेवर, व्हेंटिलेटरवर घेतले. नऊ दिवस मी तिथे होते.

त्या दिवसांतले मला फारसे आठवत नाही. पण एक गोष्ट आठवते. कोणीतरी माझ्या डोक्याकडची बाजू वर उचलली. नाकाजवळ नळीला हलका हात लागला. आणि आवाज आला: “डॉक्टरबाई, जेवण आणलंय. या, जेवायला घ्या.”

मला वाटले, तू आहेस.

मला हात हलवता येत नव्हता. डोळे उघडता येत नव्हते. माझ्या मनात काय आले सांगू? हसू नकोस. आधी मनात आले की आदेश कोणी दिला? मग मी स्वतःच्या पोटाचा आवाज ऐकण्याचा प्रयत्न केला. खरेच केला. आणि तिसऱ्यांदा मनात आले की मला बोलावले आहे, आणि मी उत्तर देऊ शकत नाही. त्या नऊ दिवसांत दिवसातून कितीतरी वेळा मला बोलावले गेले आणि एकदाही मला “घे, तूही घे” म्हणता आले नाही. थोआ, शिक्षा म्हणून कोणी याहून नेमकी योजना आखू शकले नसते.

घशातली नळी निघाली त्या दुपारी माझा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा होता. खाटेशी दियू नावाची परिचारिका होती. चोवीस-पंचवीस वर्षांची, खाडीकडची, गोल चेहऱ्याची, जरा जास्तच बोलकी. मी विचारले, “कोणी सांगितलं?”

“काय कोणी सांगितलं, बाई? पाणी हवंय का? पाणी अजून नाही हं.”

“जेवायला बोलवायला.”

“ते होय! ते नियमातच आहे.”

“माझ्या नियमात नाही. नियम मी लिहिलेत.”

“तुमच्या नाही, थोआबाईंच्या.” ती उशी नीट करत होती. “आमच्या खाडीकाठच्या केंद्रात त्यांच्याकडे सहा महिने शिकायला होते ना मी. पहिल्या दिवशी एका आजीबाईंना न बोलावताच नळी सुरू केली. बाईंनी मला शेजारी उभं केलं. म्हणाल्या, ‘नळी नाकातून जाते म्हणून माणूस काही भांडं होत नाही. माफी माग आणि परत बोलाव.’ अर्धा तास उभी होते मी, बाई! ती आजी बेशुद्ध, आणि मी तिची माफी मागतेय.”

“आणखी काय शिकवलं तुझ्या थोआबाईंनी?”

“डोकं वर असल्याशिवाय थेंब नाही. रक्तदाब डळमळत असेल तर घाई नाही, आधी तो सावरू दे. सावरला की मात्र उद्यावर ढकलायचं नाही, चोवीस तासांत सुरुवात, फार तर अठ्ठेचाळीस. थोडं, हळू, आणि लिहायचं तेच जे दिलंय.” मग तिने चादर सारखी केली. “हे शेवटचं त्या तीनदा म्हणतात. का ते माहीत नाही.”

मला माहीत होते. मी भिंतीकडे तोंड फिरवले. दियूला वाटले मला झोप आली, म्हणून ती एकदाची गप्प बसली.

नंतर मी माझा केसपेपर मागवून वाचला. व्हेंटिलेटरवर घेतल्यावर पहिले काही तास रक्तदाब खाली होता, तेव्हा ते थांबले. बरोबर केले. एकविसाव्या तासाला पहिले वीस मिलिलिटर. माझ्या पोटाचा आवाज ऐकल्याची नोंद कुठेही नाही. कोणी ऐकलाच नव्हता. चौसष्टाव्या वर्षी मी नऊ दिवस यंत्रावर राहून बाराव्या दिवशी स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत गेले, ते त्या वीस-वीस मिलिलिटरच्या जोरावर. अर्थात केवळ त्यामुळे नव्हे. औषधे, नशीब, दियूचे हात, सगळेच आले. पण मी हाडांचा सापळा होऊन उठले नाही, आणि पूर्वी माझ्या आदेशाखाली उठलेली माणसे मला आठवतात. जी उठली नाहीत तीही. त्यांतली किती केवळ माझ्या आदेशामुळे गेली हे कोणी सिद्ध करू शकत नाही. मीही नाही. त्याचा मला दिलासा वाटत नाही. केसपेपरमध्ये शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्या मी दाखवून दिल्या.

आता तुझी वही.

बदलीच्या चौकशीत तुझ्या कपाटातून एक शाळकरी वही जप्त झाली, पाठीमागे पाढे छापलेली. केसपेपरवर तू “पाणी” लिहिलेस आणि या वहीत खरे लिहिलेस: दर तासाला किती दिले, किती परत आले, पोट फुगले का, उलटी, शौच, रक्तदाब, नाडी. मंगळवार दुपारी एकपासून गुरुवार सकाळी दहापर्यंत. एकही तास सुटलेला नाही. तू घरी गेलीस तेव्हाचेही तास भरलेले आहेत, दुसऱ्या शाईने, म्हणजे तुला कोणीतरी मदत करत होते. तिचे नाव तू चौकशीत सांगितले नाहीस आणि आता मीही विचारणार नाही.

ती वही मी गुरुवारी दुपारी वाचली. अहवालावर सही करण्याच्या आधी. आता तुला समजले असेल, दुसरे वाक्य खोटे आहे हे मला कसे ठाऊक होते. वहीतले आकडे वाचता येणार नाहीत इतकी मी अडाणी नाही. पान उलटता उलटता मला कळत होते की जे मी ल्योंमध्ये शिकले ते जुने झाले आहे आणि जे तू चुलीपाशी शिकलीस ते बरोबर आहे. आणि तरी मी सही केली. का, याची कारणे मी चौदा वर्षे जमवली. काही फार सुबक आहेत. खरे कारण एवढेच की राउंडमध्ये मी तुझी थट्टा केली होती आणि सगळ्यांनी ते पाहिले होते.

दुसऱ्या वर्षी मी आदेश बदलला. तोवर मी वाचून घेतले होते. जगात पुष्कळ ठिकाणी हे आधीपासून सुरू होते, म्हणजे माझे अज्ञान अगदी माझे एकटीचे होते. २०१२ साली दा नांगच्या परिषदेत मी आमच्या विभागाचे बारा रुग्ण मांडले. पहिला तक्ता लुअमकाकांचा होता. तुझ्या वहीतला. मी तो नव्याने, सुवाच्य अक्षरात काढला होता. टाळ्या झाल्या. हनोईच्या एका वृद्ध प्राध्यापकांनी विचारले, “पहिल्या रुग्णाला अन्न देण्याचं धाडस कोणी केलं?”

मी म्हणाले, “परिस्थितीने.”

सभागृह हसले. लोकांना हसवणे मला नेहमीच जमत आले आहे.

आणि आता जे मी कालपासून टाळते आहे ते.

लुअमकाका छत्तीस दिवसांनी चालत घरी गेले, हे तुला कोणी सांगितले असेल. पुढच्या तेतला ते विभागात आले, वेताच्या टोपलीत खेकडे घेऊन. जिवंत, दोरीने बांधलेले, डझनभर. म्हणाले, “डॉक्टरीणबाई, हे तुम्हाला. त्यातले दोन त्या पोरीला द्या.”

“कुठल्या?”

“ती हो, जी मला जेवायला बोलवायची. मी काय मेलो होतो होय? सगळं ऐकू यायचं. एवढ्या सगळ्या यंत्रांच्या पीं-पींमध्ये एकटीच माणसासारखी बोलायची. ‘काका, पेज आणलीये, जेवायला घ्या.’ आणि मला म्हणता येईना, ‘घे गं, तूही घे.’ काय नाव तिचं?”

थोआ, मी त्यांना म्हणाले, “किती परिचारिका येतात आणि जातात. कोणाकोणाचं नाव लक्षात ठेवायचं?”

सहा वर्षे तू माझ्यासमोर बसून जेवलीस. तुझ्या थोरल्या मुलाचे नाव मी ठेवले होते.

काका दर तेतला येत राहिले. दर वेळी खेकडे, दर वेळी “ती पोरगी सापडली का?” आणि दर वेळी मी नाही म्हणाले. खेकडे मी शिजवून खाल्ले. चांगले असत.

या तेतला ते आले तेव्हा मी आजारातून उठून घरीच होते. बहात्तर वर्षांचे आहेत, दात तीनच, पण टोपली स्वतः उचलून जिना चढले. मी त्यांना बसवले, चहा दिला आणि सगळे सांगितले. तुझे नाव, तुझे केंद्र, वही, अहवाल, सगळे. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. मच्छीमारांच्या शिव्यांचा मला विभागातून अनुभव आहे.

“म्हणजे,” ते म्हणाले, “चौदा वर्षं माझे खेकडे चुकीच्या घरी गेले!”

“हो.”

“आणि ती बसलीय आमच्याच खाडीवर, उत्तरेला? अहो, माझा जावई रोज तिकडे मासळी नेतो!” मग ते इतके हसले की खोकला लागला आणि मला त्यांची पाठ थोपटावी लागली. जाताना टोपली उचलली, पुन्हा खाली ठेवली, आणि दोन खेकडे काढून माझ्या मोरीत ठेवले. “हे दोन तुमचे. बाकीचे तिचे. आता हिशेब असाच राहील.”

ते तुझ्याकडे येऊन गेले का, मला कळलेले नाही. आले नसतील तर येतील. घरात मोठे पातेले ठेव.

मला या सगळ्यानंतर दुःखी असायला हवे, पण मी नाही. खरे सांगते, गेल्या कित्येक वर्षांत मला इतके हलके वाटले नव्हते. सकाळी पेज खाते, वर थोडी मासळीची चटणी. दियू सुट्टीच्या दिवशी येते, माझी पुस्तके चुकीच्या जागी ठेवते आणि मी तिला तसे ठेवू देते. पण माझे हलके वाटणे तुझ्या काही कामाचे नाही. म्हणून कामाचे बोलते.

या पत्रासोबत दियूच्या हाती तीन गोष्टी पाठवते आहे. एक, तुझी वही, मूळ. माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही. दोन, पुस्तिकेच्या प्रस्तावनेची दोन पाने. त्यात मार्च २०१० ची हकीकत जशी घडली तशी आहे, माझ्या सहीसह, आणि मुखपृष्ठाच्या नव्या मसुद्यावर दोन नावे आहेत, पहिले तुझे. पुस्तिकेतही एक नियम वाढवला आहे: नळी सुरू करण्यापूर्वी रुग्णाला जेवायला बोलवावे. संचालक म्हणाले, “बाई, हे शास्त्रीय नाही.” मी त्यांना म्हटले की नऊ दिवस नळीवर काढून या, मग बोलू. तीन, तुझ्या सेवापुस्तकातला शेरा खोटा असल्याचे माझे निवेदन. तो मागे घ्यायला संबंधित व्यक्तीचा लेखी अर्ज लागतो, असे कार्यालय म्हणते. ते बरोबर म्हणते. त्यात तू “पाणी” लिहिल्याची कबुलीही द्यावी लागेल. ती टाळू नकोस.

तुला नकार देण्याचा पूर्ण अधिकार आहे. तुझे नाव माझ्या नावाशेजारी नको असेल तर माझे काढून टाकीन. तुझेही नको असेल तर पुस्तिका बिननावाची छापेन. माझे एकटीचे मात्र छापले जाणार नाही. पण यांतले काहीही मी तुझ्या वतीने ठरवणार नाही. तुझ्या वतीने मी एकदा ठरवून पाहिले आहे.

म्हणून २० मार्चपर्यंत मला तुझे लेखी उत्तर हवे. दूरध्वनी चालणार नाही. दूरध्वनीवर तू “असू द्या हो ताई, झालं ते झालं” म्हणशील आणि मी ते ऐकून घेईन, कारण मला तेच ऐकायचे आहे. निरोपही चालणार नाही. दियू निरोपात स्वतःचे घालते. कागदावर, शाईने, तुझ्या त्या भयंकर अक्षरात, हो किंवा नाही, आणि खाली सही. शिव्या घालायच्या असतील तर वेगळ्या पानावर घाल, म्हणजे पहिले पान कार्यालयात देता येईल. दुसरे मी ठेवीन.

आणि एक. उत्तर द्यायला तू स्वतः आलीस तर शनिवारी ये. मोठ्या माणसाने आधी बोलवायची पद्धत नाही, हे मला आजीने शिकवले आहे. पण एक उत्तर माझ्याकडून चौदा वर्षे राहिले आहे, आणि ज्याचे उत्तर राहते त्याने पुन्हा बोलवायची वाट पाहू नये. टेबलावर दोन वाट्या मांडलेल्या असतील. झाकण काढून ठेवले आहे.

थोआ, जेवायला घे.

लेखी उत्तराची वाट पाहणारी,
तुझी ताई
तोन नू बिख हा